कागदाची पाठ

आबा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं मला एकदाही वाटलं नाही, आणि वाटलं असतं तरी मी ते दाबून टाकलं असतं. तुमच्याशी माझं एक जुनं भांडण आहे आणि ते मी एकटीच भांडत आलेय, तुम्ही कधी त्यात उतरलातच नाही. आज लिहायला बसले ती चांदीप गावच्या एका म्हाताऱ्यामुळे. रविवारची दुपार आहे, जेवणं उरकलीत, घरातले सगळे आडवे झालेत आणि मी ओट्यापाशी स्टूल ओढून बसलेय. समोर कोरे कागद आहेत ते ऑफिसचे. सरकारी कागद घरकामाला वापरला म्हणून तुम्ही मला एकदा भर अंगणात झापलं होतंत, ते आठवतंय. आता झापा.

माझी नोकरी तुम्हाला अर्धीच ठाऊक आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी दुसऱ्या खात्यात साधी कारकून होते. पुढे मानवी हक्क आयोगात आले आणि तिथेच मुरले. आयोग नवा नवा होता तेव्हा तुम्ही पेपरातली बातमी वाचून चष्मा कपाळावर सारला होतात आणि म्हणाला होतात, "सरकारच्या विरुद्ध सरकारकडंच अर्ज? बरा हाय. कुत्रा बांधलाय खरा, पन त्याला भाकर कोन घालतंय ते बघ." मी तेव्हा हसले होते. आता तिथेच भाकर खाते, म्हणून हसू येत नाही. पण खरं सांगू का आबा, जागा वाईट नाही. चौकीत मार खाल्लेला माणूस तिथे लिहितो, आश्रमशाळेत किडका भात खाणाऱ्या पोरींची आई लिहिते, दवाखान्याच्या दारातून परत फिरवलेली माणसं लिहितात. फी नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर आपल्या भाषेत लिहिलं तरी चालतं. म्हणजे तुमचा अर्ज टाइप करून द्यायचा धंदाच बसला असता. आयोग खात्याकडून अहवाल मागवतो, रजिस्टर हजर करायला लावतो, भल्या भल्या साहेबांना समोर उभं करतो. शेवटी मात्र हुकूम नसतो, शिफारस असते. लोक म्हणतात, दात नसलेला वाघ. असेल. पण विचारलं की त्यांना लिहून द्यावं लागतं, आणि लिहून दिलं की माणूस सापडतो, हे तर तुमचंच म्हणणं.

माझं टेबल छाननीचं. आलेला प्रत्येक अर्ज आधी माझ्या हाताखालून जातो. मी पाहते की गाऱ्हाणं सरकारी माणसाविरुद्ध आहे का, तेच प्रकरण कोर्टात चालू आहे का, आणि सगळ्यात आधी पाहते ती तारीख. घटनेला वर्ष उलटून गेलं असेल तर आयोगाला त्यात हात घालता येत नाही. कायदाच तसा आहे. मग मी कोपऱ्यात 'मुदतबाह्य' लिहिते आणि अर्ज बंद करायच्या गठ्ठ्यात जातो. दिवसाला असे किती लिहिते ते मोजत नाही, मोजलं तर जेवण जायचं नाही.

तारखेचं वेड तुम्हीच लावलंत. वसईच्या कचेरीच्या कुंपणाला टेकून तुमचं ते पत्र्याचं छप्पर, खाली डुगडुगणारं टेबल, पायाखाली घडी घातलेलं गोणपाट, आणि मशीन. टाइपरायटर कधी म्हणाला नाहीत, मशीनच. शाळा सुटली की मी तुमचा डबा घ्यायला यायचे आणि बाकड्याच्या टोकावर बसून बघत राहायचे. खाडीकडची, मिठागरावरची, पार डोंगराच्या पायथ्याची माणसं यायची, यायची ती रडतच यायची. तुम्ही त्यांना पाणी द्यायचात आणि मान वर न करता म्हणायचात, "आधी तारीख, मंग रडनं." किती राग यायचा मला त्या वाक्याचा! बाईच्या डोळ्याला धार लागलीय आणि हा माणूस तारीख विचारतोय. मग तुम्ही तिच्या हातातला कागद घ्यायचात आणि वाचण्याआधी तो उलटा करायचात. पुढची बाजू नंतर. पाठीवर आवकचा शिक्का असतो, कुणाचीतरी सही असते, पेन्सिलीने टाकलेला आकडा असतो. "बाय, कागदाचं तोंड सगळेच बघतात," तुम्ही मला सांगायचात, "पाठ बघनारा येकादाच. साहेब तोंडावर काय पन लिहील. पाठीवरचा शिक्का मारनाऱ्याला खोटं लिहायला सवड नसते."

तर तो चांदीपचा अर्ज. पोस्टाने आला, वहीचे दोन कागद, शाळकरी पोरीचं असावं असं गोल अक्षर. म्हाताऱ्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या तसं तिला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेली, तिथे डॉक्टर नव्हते, ओसरीवर बसवून ठेवली, मग दुपारी सांगितलं की पुढे न्या. पुढे नेताना वाटेत बाळ झालं आणि ती गेली. नात जगली. मी घटनेची तारीख पाहिली, अर्जावरची तारीख पाहिली. वर्षाला नऊ दिवस जास्त. 'मुदतबाह्य' लिहिलं आणि गठ्ठ्यात टाकलं. वाईट वाटलं का? वाटलं, चहा येईपर्यंत.

पुढच्याच आठवड्यात म्हातारा स्वतः आला. पोस्टावर त्याचा भरवसा नव्हता. बाहेरच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता, अगदी तुमच्या छपराखाली माणसं बसायची तसा. शिपाई म्हणाला, "बाई, सकाळपासून बसलेत, हलत नाहीत." मी बाहेर गेले आणि त्याला समजावून सांगितलं की बाबा, वर्षाच्या आत यायला हवं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाय, वरीस पाळत होतो. पोरीचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधी कचेरीची पायरी कशी चढायची? आमच्यात म्हनतात, सुतकाच्या वर्षात तंटा घातला तर गेलेल्याचा जीव तंट्यात अडकतो. वर्षश्राद्ध झालं आनि नवव्या दिवशी थोरल्या पोराच्या पोरीकडून अर्ज लिवून घेतला."

आणि मी भडकले, आबा. इतक्या वर्षांत अर्जदारावर कधी आवाज चढवला नव्हता. "कायदा तुमचं वर्ष पाळत नाही हो! तुम्ही सुतक पाळत बसलात आणि तिकडे मुदत गेली! एक माणूस नव्हता का घरात सांगायला?" सगळा मजला बघायला लागला. म्हातारा रागावला नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "कायद्याच्या घरात कोन मरत नाय काय, बाय?"

मी आत गेले, पाणी प्यायले, पुन्हा भरून घेतलं आणि पुन्हा प्यायले. मी त्याच्यावर ओरडत नव्हते, हे मला कळत होतं. आपल्याकडेही तेच पाळतात. आई गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. तिसरा दिवस. अंगणात माणसं बसलीत, आत्या चुलीपाशी, शेजारच्यांकडून आलेली पेज झाकून ठेवलीय. आणि कुंपणापाशी मिठागराकडची एक बाई उभी आहे, सुतकाचं घर म्हणून आत येत नाही, नुसता हात लांब करून कागद दाखवतेय. तिच्या झोपडीला नोटीस लागली होती. तुम्ही उठलात, कागद घेतलात, उलटा केलात. हरकत द्यायचा तो शेवटचा दिवस होता. तुम्ही खुंटीवरचा सदरा काढलात. आत्या किंचाळली, "अरं लाज वाटू दे! तिची राख थंड नाय झाली!" तुम्ही सदऱ्याची बटणं लावत राहिलात. मी उंबऱ्यात आडवी उभी राहून म्हणाले, "तुम्हाला आईपेक्षा कागद प्यारा आहे." तुम्ही मला हाताने बाजूला केलंत, हलकेच, आणि मशीन उचललंत. पण मशीनची शाईची रिबीन सापडेना. नवी रिबीन कोनाड्यात ठेवलेली, जुनी फाटलेली. तुम्ही कोनाडा पाहिलात, पेटी पाहिलीत, अंथरुणं झटकलीत. मग तसेच गेलात. बाजारातलं दुकान दुपारचं बंद होतं, म्हणून हाताने लिहिलंत, दोन प्रती, आणि त्यातच वेळ गेला. कचेरीत बारनिशीची, आलेले कागद नोंदायची खिडकी बंद झाली होती. कारकुनाने अर्ज घेतला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडला. दोन महिन्यांनी 'मुदतीत हरकत आली नाही' म्हणून झोपडी पाडली. सगळ्या गावात झालं की ह्याने बायकोचं सुतकही मोडलं आणि कामही बुडवलं. तुम्ही त्या बाईला एवढंच म्हणालात, "उशीर माझ्याकडनं झाला."

हे सगळं त्या दोन पेले पाण्यात माझ्यासमोर उभं राहिलं. मी बाहेर आले आणि म्हाताऱ्याच्या शेजारी बाकावर बसले. शिपायाने भुवया उडवल्या, उडवू देत. म्हटलं, "बाबा, तुम्हाला नक्की काय पाहिजे? डॉक्टरला शिक्षा?"

"शिक्षा करून पोरगी येनार हाय का," तो म्हणाला. त्याने बियाण्याच्या रिकाम्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. दवाखान्याच्या केसपेपरची नक्कल होती. "हितं एक ओळ हाय. ती काढून पायजे." मी वाचली. 'रुग्णास नातेवाईकांनी उशिरा आणले.' म्हातारा सांगू लागला. सकाळची भाकरी तव्यावर होती, ती तशीच टाकून ते निघाले होते. नऊच्या सुमाराला दवाखान्यात होते. पण आता जावयाच्या घरचे ती ओळ दाखवतात, म्हणतात सून बाळंतपणाला तुमच्याकडे धाडली आणि तुम्ही घालवलीत. नात त्यांनी नेली. म्हातारा दारात गेला तर दार उघडत नाहीत. "उद्या पोर मोठी होईल, शिकेल, वाचेल," तो म्हणाला, "तिला वाटेल आज्यानं आईला मारली."

आबा, मी कागद उलटा केला. अर्जासोबत झेरॉक्स होती आणि झेरॉक्सला पाठ नसते, म्हणून पाठ मी पाहिलीच नव्हती. खरं सांगायचं तर पाठ मागवायची असते हेच मी इतक्या वर्षांत विसरले होते. मूळ कागदाच्या पाठीवर जांभळा शिक्का होता, नक्कल दिल्याची तारीख, खाली बारीक सही. म्हाताऱ्याला विचारलं, हा कागद आला कुठून? म्हणाला, गावातल्या आशाताईने बाळाच्या कुठल्याशा योजनेसाठी दवाखान्यातून काढून आणला होता. "तवा कळलं काय लिवलंय ते. तोवर आमी समजत होतो देवानं नेली." शिक्क्यावरच्या तारखेला वर्ष व्हायला अजून चार महिने होते.

मी माझा 'मुदतबाह्य' शेरा एका रेघेने खोडला, खाली सही केली, तारीख टाकली आणि नवी टिपणी लिहिली. अर्जदाराचं गाऱ्हाणं मृत्यूपुरतं नाही, सरकारी कागदावरच्या चुकीच्या नोंदीचं आहे. ती नोंद त्याला अमुक तारखेला कळली. सबब अर्ज मुदतीत धरावा किंवा कसे, याबाबत आदेश व्हावेत. साहेबांनी वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. "बाई, तुम्ही कधीपासून अर्जदाराची वकिली करायला लागलात?" मी म्हटलं, "वकिली नाही साहेब, शिक्का दाखवतेय." त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मग फाइल वर पाठवली.

पुढे कामाला वेळ लागला, लागतोच. आयोगाने अहवाल मागवला. दवाखान्याने आधी दोन ओळींत उत्तर दिलं की रुग्णास उशिरा आणले, म्हणजे जी तक्रार तेच उत्तर. मग आयोगाने बाह्यरुग्णांचं मूळ रजिस्टर घेऊन हजर व्हायला सांगितलं. मी त्या दिवशी मागच्या रांगेत फायली घेऊन बसले होते. रजिस्टरात त्या पोरीचं नाव होतं, वेळ सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. पुढे न्या म्हणून दिलेल्या चिठ्ठीवर वेळ होती दुपारी बारा. दोन्ही कागद त्यांचेच, दोन्ही अक्षरं त्यांचीच. तिथला अधिकारी वाईट माणूस नव्हता हो, बिचारा घामाघूम झाला होता, म्हणत होता डॉक्टर एकच, सहा गावं, ती ओळ कुणी लिहिली मलाही माहीत नाही. आयोगाचे सदस्य एवढंच म्हणाले, "हे अडीच-पावणेतीन तास त्या कुठे होत्या?" म्हातारा हात जोडून उभा होता. त्याला बसायला सांगितलं तरी बसला नाही.

शिफारस झाली की चौकशी करावी, नोंद दुरुस्त करावी आणि तसं कुटुंबाला लेखी कळवावं. शिफारसच हं, पाळली नसती तर आम्ही स्मरणपत्रं धाडत बसलो असतो, धाडतोच पुष्कळदा. ह्या वेळी पाळली. मागच्या आठवड्यात म्हातारा तो दुरुस्तीचा कागद घेऊन आला. मला म्हणाला, वाच. मी वाचलं, 'रुग्ण सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी दाखल. नातेवाईकांकडून विलंब झालेला नाही.' म्हणाला, आनखी एकदा. मी परत वाचलं. मग त्याने सांगितलं की हा कागद जावयाच्या घरी वाचायला लावला, आणि दिवाळीला त्यांनी नातीला दोन दिवस चांदीपला धाडली. "आजा म्हनते," तो म्हणाला. पिशवीतून त्याने चार काकड्या काढल्या. मी म्हटलं, बाबा, आम्हाला घेता येत नाही. "तू घेऊ नको, पानी पाजनाऱ्याला दे," म्हणून त्याने त्या शिपायाच्या स्टुलावर ठेवल्या आणि निघून गेला.

त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. माणसाच्या अंगावर खोटा उशीर लिहिला गेला तर तो पुसायला माझं ऑफिस आहे, अहवाल आहे, रजिस्टर आहे. तुमच्या अंगावरचा कोण पुसणार? गावातली जुनी माणसं अजून सांगतात ती गोष्ट, की सुतक मोडून गेला आणि उशीर केला. परवा आत्याच्या सुनेने सांगितली, माझ्यासमोर, हसत. मी वाटाणे सोलत राहिले.

रिबीन मी लपवली होती, आबा. कोनाड्यातून काढली आणि तांदळाच्या डब्यात खोल दाबली, तुम्ही सदरा घालत होतात तेव्हा. मला वाटलं, रिबीन नसली की तुम्ही जाणार नाही, आईच्या दिव्यापाशी बसाल. कुणाचं घर जाईल हे तेरा वर्षांच्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी त्या दिवशी मी लपवलीच असती. दहाव्यानंतर घरात चूल पेटली. आत्याने भात वाढला तो मध्येच काळपट होता, शाई लागलेला. आत्या म्हणाली, तांदूळ खराब झाला, फेकून देऊ. तुम्ही ताटाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलं नाहीत. म्हणालात, "र्‍हाऊ दे, चांगला हाय," आणि शेवटच्या शितापर्यंत जेवलात. तुम्हाला कळलं होतं. त्यानंतरही तुम्ही त्या बाईला उशीर माझ्याकडनं झाला असंच सांगत राहिलात, आणि मी तुमच्याशी वर्षभर धड बोलले नाही, जणू गुन्हा तुमचा होता. त्या बाईचं पुढे काय झालं ते मी कधीच विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तर हा माझा जबाब. त्या दिवशी तुम्ही वेळेवर निघाला होतात, विलंब तुमच्याकडून झालेला नाही. हे मी आत्याच्या सुनेला सांगायला हवं, गावात सांगायला हवं. सांगेन की नाही ते आत्ता मला ठाऊक नाही. चहाची वेळ झाली, आतून हाक आली, मी कागदाची घडी घालतेय आणि आत्ता माझ्या लक्षात येतंय की सुरुवातीला तारीख टाकायची राहिली. राहिली नाही आबा, मी टाकली नाही. टाकली तर मला वर्षं मोजावी लागतील.